चिकाटी (मुलांच्या शिकण्यातील)

एखादी गोष्ट जमत नसतानाही ती न सोडता, दर वेळी थोडा बदल करत पुन्हा करून पाहण्याची वृत्ती. हट्टात आणि चिकाटीत फरक आहे: हट्टी मूल तीच चूक तशीच करत राहते.

कोकणात खाडीच्या कडेला पाग (दक्षिणेकडे पागेर) टाकायला शिकणारे पोर पाहिले की हा फरक कळतो. कडेला शिशाचे गोळे लावलेले हे गोल जाळे हवेत उघडून ताटासारखे पाण्यावर पडले पाहिजे. पहिले कित्येक दिवस त्याचा बोळाच पडतो. बाप फारसे समजावत नाही; ‘परत टाक’ म्हणतो, आणि एका अर्थी ते पुरते. हात कसा फिरायला हवा होता आणि प्रत्यक्षात कसा फिरला, यातली तफावत मागच्या बाजूचा लहान मेंदू टिपतो आणि पुढची फेक किंचित सुधारतो. म्हणजे फसलेला पाग वाया जात नाही.

एकत्र चेतणाऱ्या मेंदूतल्या पेशींमधले दुवे बळकट होतात, ही कल्पना मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये मांडली. ब्लिस आणि लोमो या संशोधकांनी १९७३ मध्ये सशाच्या मेंदूत या दुव्यांच्या बळात अशी टिकून राहणारी वाढ दाखवली. मात्र सराव एका बैठकीत नव्हे, दिवसांवर विभागून हवा, हे स्मरणाचे अभ्यासक एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून सांगितले होते. शिवाय शिकलेले झोपेत पक्के होते. चतुर्थीच्या आदल्या रात्री पखवाज घेऊन बसणाऱ्याची आरतीत जी फजिती होते, ती त्यामुळेच.

चिकाटी येते कुठून? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात सव्वा वर्षाच्या आसपासच्या बाळांसमोर एक मोठे माणूस डब्यातून खेळणे काढण्यासाठी झटले आणि शेवटी यशस्वी झाले. इतर बाळांना तेच काम चुटकीसरशी होताना दिसले. मग सगळ्यांना वाजणारे एक खेळणे दिले. त्याचे मोठे बटण मात्र मुद्दाम निकामी ठेवलेले. धडपड पाहिलेल्या बाळांनी ते अधिक वेळा दाबले. मासेमारीच्या पावसाळी बंदीत पडवीत फाटके जाळे सांधणाऱ्या आजोबांजवळ बसलेले नातवंड नुसते बसलेले नसते, असे म्हणायला यामुळे आधार मिळतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अँजेला डकवर्थ यांनी २००७ मध्ये चिकाटी मोजण्याची प्रश्नावली मांडली आणि तिचा बराच गाजावाजा झाला. पुढच्या परीक्षणांत हा गुण मानसशास्त्रात आधीपासून मोजल्या जाणाऱ्या ‘कर्तव्यदक्षता’ या स्वभावगुणाहून फारसा वेगळा निघाला नाही. आपल्याकडेही चिकाटीच्या कथांत मुलाचे गुण मोठे होतात आणि परिस्थिती मागे पडते. मुरुडचे धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी भर पावसात सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेले, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. तिथे पोचल्यावर वय कमी दिसते म्हणून त्यांना परीक्षेलाच बसू दिले नाही, हा भाग सांगताना बहुधा गळतो.