कोंबडीच्या तळपायाची गाठ: लगेच ब्लेड काढू नका

"तळपायावर काळी खपली दिसली की ब्लेडने कापायची आणि आतला खडा उपटायचा." परसात कोंबड्या पाळणाऱ्यांमध्ये हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो सरसकट खरा नाही, आणि त्यापायी कोंबड्यांचे फार हाल होतात.

तो 'खडा' म्हणजे घट्ट झालेला पू. पक्ष्यांचा पू आपल्यासारखा पातळ राहत नाही, पनीरच्या चुऱ्यासारखा घट्ट होतो. म्हणून गाठ दाबून काही बाहेर येत नाही. संसर्ग बहुतेकदा स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूचा असतो. भूल न देता घरीच कापलं तर तो आणखी खोल, हाडा-सांध्यापर्यंत जाऊ शकतो.

खपली लहान आहे, सूज नाही, कोंबडी लंगडत नाही? मग कोमट पाण्यात पाय दहा-पंधरा मिनिटं भिजवा, कोरडा करा, पोव्हिडोन आयोडीन लावून पट्टी बांधा, रोज बदला. हातमोजे घालाच, हा जिवाणू माणसालाही लागतो. पाय सुजलेला, गरम असेल किंवा ती टेकवतच नसेल, तर पशुवैद्य गाठा.

दुखणं येतं ते कोंबड्या बसतात त्या खरबरीत दांडीवरून, उंचावरून टणक जमिनीवर मारलेल्या उड्यांतून, खुराड्यात अंथरलेल्या ओल्या तुसातून, जादा वजनातून. दांडीच्या कडा घासून गोल करा, ती खाली आणा, तूस कोरडं ठेवा. आठवड्यातून एकदा प्रत्येकीचा पाय उलटा करून बघा. तळव्यावरची खवल्यांची नक्षी एखाद्या जागी पुसून गुळगुळीत, लालसर झाली असेल, तर तीच सुरुवात.