वनशास्त्राची पदवी झाली, आता भारतीय वनसेवेचा अर्ज

दापोलीहून बी.एस्सी. वनशास्त्र करून वन्यजीवांसाठी सरकारी अधिकारी म्हणून काम करायचं, तर मुख्य वाटा दोन: यूपीएससीची भारतीय वनसेवा, नाहीतर एमपीएससीमार्फत सहायक वनसंरक्षक किंवा वनक्षेत्रपाल. डोक्यात फक्त वेळासची कासवं आणि फणसाडचं जंगल असेल, तर खुशाल एमपीएससी धरा. भारतीय वनसेवेत केडर, म्हणजे नेमणुकीचं राज्य, कुठलंही मिळू शकतं आणि वन्यजीव विभागात जाणं नेमणुकीवर अवलंबून असतं.

तरीही भारतीय वनसेवाच हवी असेल, तर वनशास्त्राची पदवी पात्रतेला पुरते. परीक्षेच्या वर्षी १ ऑगस्टला वय २१ पूर्ण आणि ३२च्या आत हवं. ओबीसींना ३, एससी-एसटींना ५ वर्षं सवलत. शेवटच्या वर्षाला असाल तरी पूर्वपरीक्षा देता येते. मुख्य परीक्षेच्या अर्जाला मात्र पास झाल्याचा पुरावा लागतो, म्हणून पदवीदानाची वाट न बघता विद्यापीठातून तात्पुरतं प्रमाणपत्र काढून ठेवा.

२०१३पासून पूर्वपरीक्षा नागरी सेवांसोबत एकत्रच होते. त्यामुळे अर्जात भारतीय वनसेवेचा पर्याय आठवणीने निवडावा लागतो. शुल्क १०० रुपये. महिला, एससी, एसटी आणि दिव्यांगांना माफ. नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तस्संच टाका, आडनाव आधी असेल तर आधीच.

खरा घोळ होतो ओबीसी दाखल्यात. राज्याच्या नोकरीसाठी काढलेलं नॉन-क्रीमी लेअर इथे चालत नाही; केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा असतो. सेतूत अर्ज देतानाच ‘सेंट्रलचा हवा’ असं स्पष्ट सांगा, आणि त्याआधी आपली जात केंद्राच्या यादीत आहे का ते बघा. दाखल्यावरची तारीख अर्जाच्या शेवटच्या दिवसानंतरची नको. गणपतीत प्रांत कचेरीत कोणाला गाठणार? आधीच उरकलेलं बरं.

मुख्य परीक्षेचे सहाही पेपर इंग्रजीतच लिहायचे: इंग्रजी व सामान्य ज्ञान प्रत्येकी ३०० गुणांचे, दोन ऐच्छिक विषयांचे चार पेपर प्रत्येकी २००चे. कृषी विद्यापीठात शिकलेल्याला वनशास्त्राच्या जोडीला कृषी घ्यावंसं वाटतंच, पण ती जोडी नियमातच बसत नाही. वनस्पतीशास्त्र किंवा प्राणीशास्त्र चालतं. मुलाखत ३०० गुणांची.

शिवाय चालण्याची चाचणी आहे: चार तासांत पुरुषांना २५, महिलांना १४ किलोमीटर. पुरुषांसाठी हा वेग तासाला सव्वासहा किलोमीटर पडतो, रमतगमत जमणारा नाही. हर्णैच्या रस्त्यावर पहाटे सराव करा, आणि चाचणीला नवे कोरे बूट घालून जाऊ नका.