वेव्हडॅश: काढून टाकूनही न गेलेली चाल

फायटिंग गेम म्हटला की बघणाऱ्याचं लक्ष ठोशांवर आणि कॉम्बोंवर, म्हणजे सलग वारांच्या मालिकांवर, जातं. स्पर्धेत उतरणाऱ्यांचा जीव मात्र पायांत अडकलेला असतो: किती अंतरावर उभं राहायचं, वार थोडक्यात कसा हुकवायचा, लगेच परत कसं घुसायचं. या पायकामातली सगळ्यात वादग्रस्त चाल म्हणजे ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’मधला वेव्हडॅश.

मेली २००१ च्या अखेरीस निन्टेन्डोच्या गेमक्यूब या गेम कन्सोलवर आला. त्यात हवेत वार चुकवण्यासाठी एअर डॉज होता आणि तो हव्या त्या दिशेला करता यायचा. त्याची किंमतही होती. एकदा डॉज केला की जमिनीला टेकेपर्यंत पात्र हतबल. खेळाडूंनी ही किंमत जवळजवळ बुडवलीच. उडी मारायची आणि पाय सुटताक्षणी तिरका, खालच्या दिशेने डॉज करायचा. पात्र लगेच जमिनीला टेकतं, खाली जाणारा वेग संपतो, आडवा वेग उरतो आणि ते उभ्या उभ्या घसरत जातं. हाच वेव्हडॅश. टेकल्यावर अडकायचं फक्त १० फ्रेम (पडद्यावर सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे चित्रं, दिसतात), म्हणजे सेकंदाचा सहावा हिस्सा.

मेलीत धावायला लागलं की बरेच वार हाताशी राहत नाहीत. घसरणारं पात्र मात्र गेमच्या हिशेबी उभंच असतं. त्यामुळे तोंड प्रतिस्पर्ध्याकडे ठेवून मागे सरकायचं, त्याचा वार हुकला की हवा तो वार करायचा, हे जमू लागलं. ज्याची जमिनीवरची पकड कमी, तो जास्त घसरतो. म्हणून एरवी संथ वाटणाऱ्या लुइजी या पात्राचा वेव्हडॅश सगळ्यांत लांब जातो आणि बिचाऱ्या पीचला त्यातून फारसं काही मिळत नाही.

हा बग होता का, यावर अजून भांडणं होतात. दिग्दर्शक मासाहिरो साकुराई यांनी २००८ साली एका मुलाखतीत सांगितलं, की मेली बनत असतानाच ही घसरण लक्षात आली होती. पण नवशिके आणि पट्टीचे खेळाडू यांच्यातली दरी त्यांना फार मोठी वाटली. त्याच वर्षी आलेल्या, मालिकेतल्या पुढच्या ‘ब्रॉल’ या गेममध्ये एअर डॉजची दिशाच काढून घेतली गेली आणि वेव्हडॅश संपला. वर धावू लागताना पात्र मधूनच आपटायचं, तेही नशिबावर! दरी कमी करायचा हेतू समजू शकतो, पण स्पर्धेत असा जुगार कोणाला आवडणार?

टेकन या दुसऱ्या फायटिंग गेममध्ये वेगळं घडलं. मागे उडी घेऊन झटकन बसल्यासारखं करायचं, म्हणजे तिचा उरलेला वेळ कापला जातो आणि लगेच दुसरी घेता येते. हा कोरियन बॅकडॅश तिथे टिकला, गंभीर खेळाडूची पहिली परीक्षा ठरला.

स्मॅशवाल्यांनी वेव्हडॅश स्वतःच परत आणला. चाहत्यांनी ब्रॉलमध्ये फेरफार करून ‘प्रोजेक्ट एम’ बनवला. त्याचा पहिला डेमो २०११ चा. मेलीही मागे पडला नाही. २०१३ मध्ये चाहत्यांनी स्तनाच्या कर्करोगावरील संशोधनासाठी ९० हजारांहून अधिक डॉलर जमवले आणि देणग्यांच्या या चढाओढीत जिंकून ईव्हो या फायटिंग गेम्सच्या मोठ्या स्पर्धेत त्याला जागा मिळवून दिली. पुढे ‘रायव्हल्स ऑफ ईथर’ने आणि २०२१ च्या ‘निकलोडियन ऑल-स्टार ब्रॉल’ने, म्हणजे स्मॅशसारख्याच इतर गेम्सनी, ही चाल मुद्दाम ठेवली. निन्टेन्डोच्या स्मॅश मालिकेतल्या २०१८ च्या ‘अल्टिमेट’मध्ये डॉजची दिशा परत आली, पण टेकल्यावर पात्र इतका वेळ अडकतं की वेव्हडॅश केला तरी सहसा मारच खावा लागतो.