जुनं कॉमिक रंगवून नवं केलं की किंमत वाढते?

इंद्रजाल कॉमिक्सचे जुने अंक जमवणाऱ्यांमध्ये एक समज पक्का आहे: फाटकं मुखपृष्ठ चिकटवलं, उडालेला रंग भरला, कडा कापून सरळ केल्या की अंकाला जास्त भाव येतो. हे खरं नाही. बहुतेक वेळा उलटंच घडतं.

अमेरिकेत कॉमिक्सचा दर्जा ठरवणारी सीजीसी ही संस्था रंग भरलेल्या, कडा छाटलेल्या अंकांना जांभळं लेबल लावते, म्हणजे अंकाला हात लावला आहे अशी खूण. दिसायला तेवढाच चांगला, पण हात न लावलेला अंक निळ्या लेबलसह बराच महाग जातो. ग्राहक पैसे मोजतो ते मूळ कागद आणि मूळ शाईसाठी. कडा छाटणं तर सर्वांत वाईट, कारण गेलेला कागद परत येत नाही.

सेलोटेपचं नुकसान वेगळंच. त्याचा गोंद कागदात मुरतो, पिवळा पडतो आणि डाग कायमचा राहतो. १९६४ पासून निघालेले इंद्रजालचे अंक स्वस्त कागदावरचे. तो कागद आधीच आम्लामुळे ठिसूळ होतो. कोकणासारख्या दमट हवेत स्टेपलच्या पिनाही गंजतात.

मग काहीच करू नये का? वरवरची धूळ मऊ ब्रशने झटका, आम्लरहित पुठ्ठा लावून पॉलिएस्टरच्या पिशवीत ठेवा. पान सुटत असेल तर जपानी कागद (दुरुस्तीसाठीचा पातळ, चिवट कागद) आणि गव्हाच्या खळीने जाणकाराकडूनच जोडून घ्या आणि विकताना ते सांगा.