वारशाचे दागिने आणि चौदा कॅरेटचा निर्णय

आई-वडिलांकडून आलेला दागिना मोडायचा नाही, ही धारणा आपल्याकडे जुनी आहे आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने स्त्रीच्या मालमत्तेवर, तिच्या दागिन्यांसह, तिची संपूर्ण मालकी मान्य करून त्या धारणेला कायद्याचे बळही दिले. तरीही आजच्या पिढीच्या हाती आलेल्या पाटल्या, तोडे, ठुशी किंवा पुतळ्यांची माळ ज्या रूपात आली, त्यामागे या परंपरेइतकाच १९६३ ते १९९० या काळातील सुवर्ण नियंत्रणाचा वाटा आहे, आणि त्याची चर्चा फार थोडी होते.

१९६२ च्या युद्धानंतर देशाकडे परकीय चलन अपुरे होते आणि आयातबंदीला न जुमानता चोरट्या मार्गाने येणाऱ्या सोन्यापायी ते आणखी झिरपत होते. घराघरांतले सोने सरकारकडे यावे म्हणून आधी सुवर्ण रोखे काढण्यात आले. मग जानेवारी १९६३ मध्ये भारत संरक्षण नियमांखाली सुवर्ण नियंत्रणाचे नियम लागू झाले आणि चौदा कॅरेटपेक्षा अधिक शुद्धतेचा नवा दागिना घडवण्यास मनाई करण्यात आली. बावीस कॅरेटच्या दागिन्यात सुमारे ९१.६ टक्के सोने असते, तर चौदा कॅरेटमध्ये सुमारे ५८.३ टक्के. कमी कसाच्या दागिन्यात बचत म्हणून कोणी पैसा गुंतवणार नाही, मागणी घटेल आणि तस्करी मंदावेल, असा हा हिशेब होता.

हिशेबात सोने होते, दागिना नव्हता. नियमाने जुना बावीस कॅरेटचा दागिना बाळगण्यावर बंदी घातली नव्हती, हे निर्णयाचे समर्थक आवर्जून सांगत आणि ते खरेही होते. परंतु वारशाचा दागिना पेटीत ठेवला म्हणजे जपला, असे घरात होत नसते. तो झिजतो, त्याची कडी तुटते, आईचा एकच चपलाहार दोन मुलींत वाटायचा असतो, सासूच्या जड तोड्यांतून सुनेला रोज घालता येतील अशा बांगड्या करून घ्यायच्या असतात. जुने सोने आटवून त्याचेच नवे काही करणे हीदेखील जपणुकीचीच रीत होती, कारण सोने घरातलेच राहत असे आणि घेणारीला ते कोणाचे होते हे ठाऊक असे. नव्या नियमाने नेमकी हीच वाट अडवली. आटवलेल्या सोन्यात तांबे-चांदीची भर घालून त्याचा कस उतरवल्याशिवाय नवा दागिना कायदेशीरपणे होत नव्हता, आणि आईच्या सोन्यात अशी भेसळ करून घ्यायला कोण तयार होणार? कारागिराचीही कोंडी झाली. चौदा कॅरेटचे सोने अधिक कडक, त्याचा रंग निराळा, त्याच्या जोडांना लागणारा डागही (जोडायचा मिश्रधातू) निराळा. पिढ्यान्‌पिढ्या बावीस कॅरेटवर बसलेला हात एका आदेशाने वळत नाही. देशभर असंख्य सुवर्णकार बेकार झाले, आत्महत्यांच्या बातम्या आल्या, मोर्चे निघाले. ग्राहकाच्या जुन्या दागिन्यातून त्याच शुद्धतेचा दागिना घडवून देण्याची सवलत सरकारला नंतर द्यावी लागली आणि १९६६ मध्ये चौदा कॅरेटची अटच मागे घेण्यात आली. परकीय चलनाचे संकट खरे होते, हे मान्य करूनही हा निर्णय घरगुती वारशाच्या बाबतीत आंधळा होता, असेच म्हणावे लागते.

नियंत्रण मात्र संपले नाही. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने कुटुंबाकडे ४,००० ग्रॅमपर्यंत आणि कुटुंबाबाहेरील एकट्या व्यक्तीकडे २,००० ग्रॅमपर्यंत दागिने असल्यास ते जाहीर करण्याची गरज ठेवली नाही. बहुसंख्य घरांना ही मर्यादा कधीच भिडणारी नव्हती. अडचण व्याख्येत होती. दागिन्याचा तुटलेला तुकडाही कायद्याच्या लेखी दागिनाच होता. पण तो आटवून त्याची लगड केली की ते ‘प्राथमिक सोने’ ठरे आणि सामान्य माणसाने ते बाळगणे हा गुन्हा होता. त्यामुळे जुना दागिना मोडण्यापेक्षा मोडका का होईना, तसाच ठेवणे सुरक्षित होते. त्या काळातल्या कितीतरी डब्यांतून एकेकटी बुगडी किंवा अर्धे गाठले आजही निघते, त्याचे एक कारण मला येथे दिसते. १९६९ मध्ये न्यायालयाने कायद्याची काही कलमे रद्द केली, ती दुरुस्तीने सावरण्यात आली, आणि अखेर जून १९९० मध्ये संपूर्ण कायदाच रद्द झाला.

करांची बाजू थोडक्यात सांगता येते. मृत्यूनंतरच्या मालमत्तेवरील संपदा शुल्क १९५३ मध्ये आले आणि १९८५ मध्ये गेले. भांडवली नफ्याच्या करातून वैयक्तिक वापराच्या वस्तूंना मिळणारी सूट दागिन्यांपुरती १ एप्रिल १९७३ पासून काढून घेण्यात आली. चित्रे, शिल्पे आणि इतर कलाकृती त्याच वाटेने १ एप्रिल २००८ पासून गेल्या. छाप्यांच्या वेळी विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅम, अविवाहित स्त्रीचे २५० ग्रॅम आणि पुरुषाचे १०० ग्रॅम दागिने जप्त करू नयेत, अशी सूचना मे १९९४ मध्ये निघाली. ही बाळगण्याची कमाल मर्यादा आहे असा समज पसरल्याने, वारशाचा किंवा उत्पन्नाचा खुलासा देता आला तर कितीही दागिने ठेवता येतात, हे डिसेंबर २०१६ मध्ये पुन्हा स्पष्ट करावे लागले.

दागिन्यांपलीकडच्या संग्रहासाठी १९७२ चा पुरावशेष कायदा महत्त्वाचा ठरतो. तो १९७६ पासून लागू झाला आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंपैकी मूर्ती, चित्रे यांसारख्या ठरावीक प्रकारांची नोंदणी त्याने मालकावर बंधनकारक केली; वडिलांनी हौसेने जमवलेली जुनी धातूची मूर्ती वारसाकडे आली, तर हे बंधनही तिच्याबरोबर येते. जून २०२१ मध्ये हॉलमार्कची सक्ती टप्प्याटप्प्याने सुरू झाली, तेव्हा घरातल्या जुन्या दागिन्यांबद्दल पुन्हा धास्ती पसरली होती. ती सक्ती विक्रेत्यावर आहे. शिक्का नसलेला जुना दागिना घरात ठेवता येतो, मुलांना देता येतो आणि सराफाला मोडीत विकताही येतो.