जैव वर्गीकरण व नामकरण (सोलापूर परिसरातील उदाहरणांसह)

सजीवांची नात्यागोत्याप्रमाणे मांडणी करणे म्हणजे वर्गीकरण आणि त्यांना जगभर चालेल असे एकेकच नाव देणे म्हणजे नामकरण. ही दोन्ही कामे एकमेकांत गुंतलेली आहेत. नाते नव्याने उलगडले की नावही बदलावे लागते. सोलापूरचा माळ, तिथली ज्वारी आणि डाळिंब यांच्या नावांत हे चांगले दिसते.

स्वीडनच्या कार्ल लिनिअसने दोन शब्दी नावांची पद्धत रूढ केली. वनस्पतींची नावे १७५३ पासूनची आणि प्राण्यांची १७५८ पासूनची ग्राह्य धरतात. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. रोमन लिपीत प्रजातीचे आद्याक्षर मोठे असते आणि जातीचे लहान. देवनागरीत ही खूण उरत नाही. जातीच्या वर क्रमाने प्रजाती, कुल, गण, वर्ग, संघ आणि सृष्टी अशा पायऱ्या येतात. मराठी वर्तमानपत्रे हिंदीच्या प्रभावाने जातीलाच ‘प्रजाती’ म्हणतात, त्यामुळे वाचकाची एका पायरीची चूक होते. शेतकऱ्याची अडचण वेगळी आहे. तो ज्वारीची ‘जात’ विचारतो तेव्हा त्याला वाण हवा असतो. मालदांडी, दगडी, हुरड्याची गूळभेंडी ही सगळी वनस्पतिशास्त्राच्या हिशेबी एकच जाती आहे : सॉर्घम बायकलर. लिनिअसने ज्वारी होल्कस प्रजातीत घातली होती. १७९४ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ मोंखने ती सॉर्घममध्ये आणली. मोहोळला निवड होऊन आलेली मालदांडी ३५-१ ही या जातीच्या आतली गोष्ट आहे. वाणांच्या नावांची नियमावलीही स्वतंत्र असून तिच्यात वाणाचे नाव एकेरी अवतरणात लिहितात.

सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झाले. प्राणिशास्त्रज्ञ व्हिगर्सने १८३१ मध्ये माळढोक या पक्ष्याला ओटिस नायग्रिसेप्स असे नाव दिले. ओटिस ही युरोपातल्या मोठ्या माळढोकाची प्रजाती आणि नायग्रिसेप्स म्हणजे काळ्या डोक्याचा. माळावर दुरूनही दिसणारी नराची काळी टोपी पाहिली की नाव पटते. पुढे हा पक्षी आर्डिओटिस या वेगळ्या प्रजातीत गेला. प्रजाती बदलली तरी जातीचा शब्द शक्यतो तोच ठेवायचा आणि मूळ लेखकाचे नाव कंसात टाकायचे, असा प्राण्यांच्या नामकरणाचा नियम आहे. म्हणून आज त्याच्या नावापुढे ‘(व्हिगर्स, १८३१)’ असे लिहितात. या कंसाचा अर्थ, बारसे दुसऱ्या घरात झाले होते, इतकाच. मौज अशी की आर्डिओटिस या शब्दात ‘आर्डिया’ म्हणजे बगळा आहे, आणि मराठीतला ‘ढोक’ही बगळ्यासारख्या लांब पायांच्या पक्ष्यांनाच लावतात. दोन्हीकडच्या नाव ठेवणाऱ्यांना उंच पायांमुळे एकच पक्षी आठवला. दोघेही नात्यात चुकलेच, कारण माळढोक बगळ्यांच्या कुळातला नाही. त्याला क्रौंचांच्या गणात धरत, पण डीएनएच्या अभ्यासानंतर माळढोकांचा गणच वेगळा केला गेला.

याच माळावरच्या लांडग्याचे नाव तीन शब्दी आहे : कॅनिस लुपस पॅलिपेस. तिसरा शब्द उपजातीचा. पॅलिपेस म्हणजे फिक्या पायांचा. दख्खनमध्ये नोकरीस असलेल्या विल्यम साइक्सने १८३१ मध्ये तो वेगळी जाती म्हणून नोंदवला होता, नंतर तो उपजातीवर आला. काळविटाला लिनिअसने शेळीच्या कॅप्रा प्रजातीत टाकले होते. आता तो अँटिलोप सर्विकॅप्रा आहे, तरी दुसऱ्या शब्दात शेळी शिल्लक आहेच.

डाळिंबाचे नाव प्युनिका ग्रॅनेटम. लिनिअसने दिलेले हे नाव टिकले, बदलले ते कुल. डाळिंब व येमेनच्या सोकोत्रा बेटावरची त्याची एक भावंड जाती, एवढ्या दोघींसाठी एक स्वतंत्र कुल मानत असत. आता डाळिंब मेंदीच्या कुलात येते. महाराष्ट्राचे राज्यफूल ताम्हणही त्याच कुलातले. फळाकडे पाहून हे नाते सुचणार नाही.

डाळिंबावरच्या तेल्या रोगामागच्या जिवाणूचे नाव मात्र स्थिर राहिलेले नाही. फळावर तेलकट डाग पडतात म्हणून तेल्या. या जिवाणूला आधी झँथोमोनास प्युनिकी ही स्वतंत्र जाती मानले. पुढे तो झँथोमोनास कँपेस्ट्रिसचा एक पॅथोव्हार ठरला, मग त्याच प्रजातीतल्या ॲक्झोनोपोडिस जातीचा आणि आता सिट्री जातीचा. पॅथोव्हार म्हणजे एका जातीतला, ठरावीक यजमान वनस्पतीवरच रोग करणारा गट. म्हणून चारही वेळा ‘प्युनिकी’ हा शब्द कायम राहिला, फक्त जातीच्या जागेवरून पॅथोव्हारच्या जागेवर गेला. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रापासून बागेपर्यंत जुन्या-नव्या लिखाणात तेल्यासाठी निरनिराळी शास्त्रीय नावे भेटतात ती यामुळे. जिवाणू एकच असतो.