साधा माग भंगारात का चाललाय: चार मागांच्या नियमाची पार्श्वभूमी

इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव, तिन्हीकडून गेली काही वर्षं एकच बातमी येतेय, साधे माग, म्हणजे आडवा धागा धोट्यानं नेणारे जुने यंत्रमाग, किलोच्या भावानं भंगारात चाललेत. आणि बातमी आली की लगेच कुणीतरी म्हणतंच, जगात टेक्नॉलॉजी कुठल्या कुठे गेली, यंत्रमागवाले मात्र आजोबांचेच माग चालवत बसले, मग दुसरं काय होणार. हे ऐकलं की मला राहवत नाही. कारण हा धंदा इतका बारीक-बारीक तुकड्यांत का आहे, चार मागवाला, आठ मागवाला असं का आहे, याचं उत्तर यंत्रमागवाल्याच्या स्वभावात नाही, पन्नासच्या दशकातल्या निर्णयांत आहे. आणि ते निर्णय दिल्लीत झाले, इथल्या कारखान्यात नाही.

इंग्लंडमधला 1785 चा पॉवरलूम, मुंबईत 1854 ला स्थापन झालेली पहिली कापड गिरणी, हे सगळं शाळेत झालंय, त्यात शिरत नाही. आपल्यासाठी महत्त्वाचं साल 1904. त्या साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग लागला. संस्थानी गाव, जहागीरदारांचा पाठिंबा, आणि बाहेर स्वदेशीचं वारं वाहायला लागलेलं. पुढे तीसेक वर्षांत रंगीत साड्यांसाठी गावाचं नाव झालं. मुंबईच्या गिरण्या सोडून छोट्या गावात विजेवर कापड विणता येतं हे इथं सिद्ध झालं, तेही सरकारी योजनेशिवाय. मालेगाव आणि भिवंडीत हातमागावर पिढ्यान्‌पिढ्या बसलेली विणकर घरं होती, त्यांनी हळूहळू हातमाग काढून त्याच जागी यंत्रमाग टाकले. सोलापूरचा रस्ता वेगळा, चादर आणि टॉवेलचा, त्यावर वेगळं लिहावं लागेल.

आता मूळ मुद्दा. स्वातंत्र्यानंतर सरकारपुढे प्रश्न होता हातमागाचा. लाखो विणकर, गिरणीच्या कापडापुढे टिकणार कसे. म्हणून काही प्रकारचं कापड हातमागासाठी राखून ठेवलं, गिरण्यांच्या धोतरावर मर्यादा घातली, गिरणीच्या कापडावर सेस (जादा कर) लावला. याच काळात एका सरकारी समितीनं 1954 मध्ये सांगितलं की हातमागाचं भविष्य हातमाग म्हणून नाही, टप्प्याटप्प्यानं त्याचं यंत्रमागात रूपांतर करा. त्यावर गदारोळ झाला, दुसऱ्या एका समितीनं पुढच्याच वर्षी वेगळा सूर लावला की रोजगार जपायचा, गिरण्यांना मात्र आणखी माग लावू द्यायचे नाहीत. मग 1956 मध्ये गिरण्यांची मागांची संख्या गोठवली, साधारण 2 लाख मागांवर. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत हातमाग सहकारी संस्थांमार्फत 35,000 यंत्रमाग बसवायचं ठरलं.

कागदावर हे छान दिसतं. कापडाची मागणी वाढणार, गिरणी वाढू शकत नाही, हातमागाला तेवढं जमत नाही, मग वाढणार कोण? यंत्रमाग. सहकारी संस्थांमार्फत नाही तर खाजगीत, परवाना असो नसो. विनापरवाना मागांची संख्या एवढी झाली की पुढे सरकारला वेळोवेळी ते नियमित करून घ्यावे लागले. गिरण्यांनी जुने म्हणून काढलेले माग इथं येऊन पुन्हा सुरू झाले. म्हणजे जुनी टेक्नॉलॉजी आपण हट्टानं धरून ठेवली असं नाही, स्वस्तात जे मिळत होतं ते तेच होतं, आणि नवीन ऑटोमॅटिक मागाचा विचारच ज्यांच्या खिशाला परवडेल त्या गिरण्यांना हात बांधून बसवलं होतं.

आणि याच्या जोडीला आला एक्साइजचा (तयार मालावरच्या उत्पादन शुल्काचा) नियम, ज्याबद्दल आज कुणी बोलतच नाही. चार मागांपर्यंतच्या यंत्रमाग युनिटला एक्साइज माफ, त्याच्या वर गेलात की भरा. हेतू चांगलाच होता हे मी मान्य करतो, छोट्या विणकराला आधार द्यायचा. पण झालं काय, ज्याच्याकडे सोळा माग होते त्यानं ते चार-चारच्या चार युनिटमध्ये वाटले. एक भावाच्या नावावर, एक बायकोच्या, एक मेहुण्याच्या. शेड तीच, मधे पत्र्याची आडभिंत, वेगळा दरवाजा, वेगळा मीटर, वेगळी वही. जे माग एका लाइनशाफ्टवर (एकाच मोटरीनं फिरणाऱ्या सामाईक दांड्यावर) चालायचे तेही वेगळ्या मोटरींवर गेले. पुढच्या एका चौकशी समितीनं साठच्या दशकात हे तुकडे पडणं नोंदवलं सुद्धा. करांची रचना नंतर अनेकदा बदलली, पण एकदा तुकडे पडले की ते जुळत नाहीत, कारण भाऊ वेगळे झालेले असतात, मुलं वेगळी झालेली असतात, आणि चार मागांवर एक घर चालतं ही सवय पक्की झालेली असते.

काहींचं म्हणणं असतं की हे तुकडे पडले म्हणूनच एवढ्या लोकांना रोजगार मिळाला, मोठे कारखाने झाले असते तर माग थोड्या हातांत राहिले असते. यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं असे कामगार दोन जुने माग घेऊन मालक झाले हे इचलकरंजीत घराघरात सापडेल. पण मालक म्हणजे काय, तर बहुतेक खर्चीवाला, म्हणजे मजुरीवर विणून देणारा. सूत व्यापाऱ्याचं, बीम (ताण्याच्या उभ्या धाग्यांचा रूळ) व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, आपल्याला मिळते ती पिकावर, म्हणजे कापडात इंचाला किती आडवे धागे त्यावर, ठरलेली मजुरी. मजुरी ठरताना 52 पिकाचं कापड धरून भाव फोडला जातो, आणि त्याच पैशातून कामगार, कांडीवाला (आडव्या धाग्याच्या कांड्या भरणारा), वहिफणी (उभे धागे मागात ओवणारा), वीज, पार्ट, सगळं भागवायचं. या माणसाकडे नवीन मागासाठी शिल्लक कुठून राहणार. बँक कर्ज देताना विचारते ऑर्डर कुणाची, सूत कुणाचं, तर दोन्ही व्यापाऱ्याचं. तारण काय, तर भंगाराच्या किमतीचे माग.

मग 1982 आलं. 18 जानेवारीपासून मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप. त्याचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे, पण एक गोष्ट कमी बोलली जाते, की संपाच्या आधीपासूनच गिरणीवाले भिवंडीतून ग्रे (न धुतलेलं, न रंगवलेलं) कापड घेऊन स्वतःच्या शिक्क्यानं विकत होते, आणि संपात तर तोच मोठा आधार झाला. म्हणजे गिरणी बंद पडली तरी गिरणीचा माल बाजारात दिसत होता. पुढे 1985 च्या वस्त्र धोरणानं यंत्रमाग आणि गिरणीला बरोबरीनं वागवायचं ठरवलं, पण तोवर मुंबईच्या गिरण्यांचा कणा मोडला होता. त्याच साली हातमागासाठी 22 प्रकारचं कापड राखून ठेवणारा कायदाही आला, पुढे ती यादी 11 वर आली. हातमाग वाचवायचे, यंत्रमागाची नोंदणी करायची, गिरणीला मोकळीक द्यायची, तिन्ही एकाच वर्षी, तिन्ही एकमेकांना काट मारणारे. आता हिशेब बघा, देशात आज 25 लाखांच्या आसपास यंत्रमाग आहेत, कापडाच्या उत्पादनात निम्म्याहून जास्त वाटा त्यांचा, आणि गिरण्यांचा विणकामातला वाटा अगदी थोडका उरलाय.

1999 पासून टेक्नॉलॉजी बदलायला कर्जाच्या व्याजावर सवलत देणारी योजना आली आणि खरा फरक पडला. युरोपातल्या बंद पडलेल्या कारखान्यांतले जुने शटललेस (धोटा नसलेले) माग इकडे आले, मग रेपिअर (पट्टीनं आडवा धागा ओढणारे), मग एअरजेट (हवेच्या झोतानं धागा टाकणारे). साधा माग मिनिटाला शंभर ते दीडशे पीक (आडवे धागे) मारतो, रेपिअर तिप्पट-चौपट, एअरजेट आठशे-हजारच्या घरात. साध्या मागावर धोट्यातली कांडी संपली की माग थांबवायचा, धोटा काढायचा, भरलेली कांडी घालायची, पुन्हा चालू करायचा, शिफ्टभर कामगाराचं हेच चालू असतं, आणि तो एकटा सहा-आठ माग सांभाळतो. एअरजेटला धोटाच नाही. पण त्याला सुतात गाठ चालत नाही, सायझिंग (सुताला खळ लावणं) बरोबर लागतं, शेडमध्ये ओलावा राखावा लागतो, कॉम्प्रेसर लागतो, वर चोवीस तास सुरू राहिला तरच हप्ता निघतो. साधा माग खराब सूतही पचवतो. चार मागवाल्यानं एक एअरजेट घेतला तर बाकी व्यवस्था कुठून आणायची हा प्रश्न कुठल्याच योजनेत नीट विचारला गेला नाही.

त्याऐवजी साध्या मागालाच जोड द्यायची योजना आली, 2013 मध्ये सुरू झाली आणि 2017 ला पुन्हा नव्या नावानं. मागाला ताण्याचा धागा तुटला की थांबवणारी पट्टी, आडवा धागा संपल्याचा फीलर अशी उपकरणं बसवायची, निम्मा खर्च सरकारचा, एका युनिटला आठ मागांपर्यंत. काहींना फायदा झाला, कापडाचा दर्जा थोडा सुधारला, हे मी बघितलंय. पण धोटा तसाच, वेग तसाच, आवाज तसाच. त्यात सिंथेटिक सुतावर जास्त आणि कापडावर कमी जीएसटी असल्यानं अडकलेलं क्रेडिट (सुतावर आधीच भरलेला जादा कर) 2018 पर्यंत रिफंडच मिळत नव्हतं, मालेगाव-भिवंडीच्या लहान युनिटांचे पैसे तिथं रुतले.

आणि आता तोच जुना चुकीचा विचार विजेच्या दरात आलाय. यंत्रमागाच्या वीज सवलतीत 27 हॉर्सपॉवर ही रेषा आहे. 2024 च्या मार्चमध्ये राज्य सरकारनं जादा सवलत दिली, 27 च्या खाली युनिटमागे 1 रुपया आणि वर 75 पैसे, सुरुवातीला ऑनलाइन नोंदणीच्या अटीसकट. लहानाला थोडं जास्त, मोठ्याला थोडं कमी, ऐकायला बरोबरच वाटतं. साध्या मागाला साधारण एक हॉर्सपॉवर धरला तर 27 मध्ये वीस-पंचवीस माग बसतात. एअरजेट कॉम्प्रेसरसकट धरला तर मोजकेच. म्हणजे सवलतीचा कल कुठे आहे? जुन्या मागाकडे. नवीन माग घेणारा रेषेच्या वर जाणार, किंवा पुन्हा मीटर वेगळे, नावं वेगळी. चार मागांच्या नियमाचंच हे दुसरं रूप, फक्त आकडा आणि खातं बदललंय.

माझं म्हणणं एवढंच आहे की पुढचं धोरण करताना युनिट केवढं यावर सवलत न ठेवता माग काय विणतो आणि किती वेगानं विणतो यावर ठेवा, आणि पाच-सहा खर्चीवाल्यांनी मिळून एक शेड, एक कॉम्प्रेसर, एक सायझिंग घेतलं तर त्यांना एक युनिट म्हणून कर्ज द्या. 2005 मध्ये देशात टेक्सटाइल पार्कची योजना आली, इचलकरंजीतही पार्क झाले, पण त्यात प्लॉट घ्यायलाच ऐपत लागते, चार मागवाला तिथं गेलाच नाही. भंगारात जाणाऱ्या मागांसाठी किलोमागे काय मिळतंय हे रोज विचारलं जातंय, त्या शेडमध्ये कामाला असलेला माणूस पुढच्या महिन्यात कुठे असणार हे मात्र कुठल्याच अर्जात लिहायची जागा नाही.